धाकू तरवाल्याचा अडलेला बोका

खाडीवर पूल होईल असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा सांदेखार गावातून पलीकडे जायचं तर धाकू तरवाल्याच्या होडीशिवाय दुसरी वाट नव्हती. बाजाराला जा, लग्नाला जा, बाळंतपणाला माहेरी जा नाहीतर नवऱ्याशी भांडून माहेरी जा, होडी धाकूचीच.

त्याच्यासारखं वल्हं मारणारा माणूस त्या खाडीने पुन्हा पाहिला नाही, असं म्हणतात. काठोकाठ भरलेला हंडा होडीत ठेवला तरी पलीकडे जाईपर्यंत थेंब सांडायचा नाही. पण धाकूचं नाव गावात राहिलं ते त्याच्या वल्ह्यामुळे नाही. ते राहिलं त्याच्या बोक्यामुळे, आणि तेही बोक्याच्या पोटामुळे. आता याला कोण काय करणार!

बोक्याचं नाव मुकादम. अंगाने जाडजूड, रंगाने पिवळा, एक कान फाटलेला. होडीच्या टोकावर बसून तो येणाऱ्या माणसांकडे असा बघायचा, की माणसं न सांगता नीट सरकून बसायची. तो यायच्या आधी उंदीर होडीचे काथ्याचे दोर कुरतडायचे. एकदा तर माणसं चढत असतानाच दोर तुटला आणि होडी धारेला लागली. मुकादम आल्यापासून दोराचा एक धागा तुटला नाही. शिवाय धाकूची बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरी बोलायला काय तो मुकादमच. तो उत्तर द्यायचा नाही, पण ऐकायचा तरी.

हळूहळू गावात रीत पडली. होडीत पाय ठेवताना मुकादमापुढे चिमूटभर सुकट टाकायची. सुकट म्हणजे उन्हात खडखडीत वाळवलेला जवळा. मुकादमाने ती खाल्ली की प्रवास सुखाचा होतो, असं कुणीतरी ठरवलं आणि बाकीच्यांनी मानलं. गावात सुकट ढिगाने होती. नव्हतं ते गोडं पाणी. सांदेखारच्या विहिरी साऱ्या खाऱ्या. प्यायचं पाणी पलीकडून हंड्यांनी यायचं आणि घरात पोरांनासुद्धा मोजून मापून मिळायचं. त्यात मांजराला पाणी कोण पाजतो? "मांजर कुठे पाणी पितं?" असं जो तो म्हणायचा आणि आणखी चिमूटभर सुकट टाकायचा.

व्हायचं ते झालं. मुकादमाचं पोट अडलं.

सकाळी तो धक्क्याशेजारच्या वाळूत उतरायचा. खड्डा करायचा, बसायचा, डोळे मिटून जोर करायचा. मग सगळ्या गावाने मिळून आपलं वाईट केलं आहे अशा नजरेने माणसांकडे बघायचा आणि उठून दुसरा खड्डा करायचा. तो वर आल्याशिवाय धाकू दोर सोडायचा नाही.

"धाकू, निघतोस का?"

"बसलाय तो."

"काल पण बसला होता की रे!"

"काल झालं नाही, म्हणून तर आज बसलाय."

बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या डोक्यावरून खाली घ्यायच्या. मासळी उन्हात वास मारायला लागायची. "आमच्या सासऱ्यांची पण एवढी वाट बघितली नव्हती," असं एकजण म्हणाली, आणि सासरे मागेच उभे होते.

धाकू लोकांवर चिडायचा नाही, मुकादमावर चिडायचा. "अरे बाबा, तुझं काम ते केवढं! खायला लोक आणतात. झोपायला होडी माझी. उंदीर तर तुला बघूनच पळतात. तुला फक्त एवढं एक करायचंय, तेही तुझं तुलाच. मला जमत असतं तर मीच नसतं का केलं?"

मुकादम पाठ फिरवून बसायचा.

मग उपाय सुरू झाले. गावात ज्याला तोंड होतं त्याच्याकडे उपाय होता. कुणी पोटाला हिंग लावला. कुणी अंगारा दिला. एका फिरत्या वैदूने बोक्याच्या घशात एरंडेल ओतलं. ते सगळं मुकादमाने वैदूच्याच धोतरावर ओकलं, वर त्याच्या हाताला पाच नखं लावली. धाकूने स्वतःच्या वाटणीचं गोडं पाणी वाटीत घालून पुढे ठेवलं. मुकादमाने वास घेतला, पंजा बुडवला, झटकला आणि वाटी उपडी केली.

"मी तहानलेला राहिलो रे मेल्या तुझ्यासाठी!" धाकू इतक्या मोठ्याने ओरडला, की पलीकडच्या काठावर ऐकू गेलं, असं म्हणतात.

मग एक दिवस मुकादम वाळूत उतरलाच नाही. होडीत आडवा पडून राहिला. पोट दगडासारखं लागत होतं. सुकटीला तोंड लावेना. मधूनच बारीक आवाजात रडायचा. आणि नेमकं त्याच दिवशी गावातल्या चिमाचं लग्न. लग्न पलीकडे नवऱ्याच्या गावी. वऱ्हाड नटूनथटून, वाजंत्री घेऊन धक्क्यावर आलं. भरती पुरी झाली होती. थोड्या वेळात ओहोटी लागणार, आणि एकदा चिखल उघडा पडला की दुसरी भरती येईपर्यंत होडी हलणार नाही.

धाकू बोक्याला मांडीवर घेऊन बसलेला. वल्ही आत ओढून ठेवलेली.

"चल रे धाकू, मुहूर्त आहे," चिमाचे पदूमामा म्हणाले.

"मामा, हलवलं तर मरेल हा. जरा थांबा."

"बोक्यासाठी लग्न थांबवू?"

"लग्न पुन्हा लावता येईल."

हे ऐकून मामांचा असा भडका उडाला, की फेटा सुटून खांद्यावर आला. "सोयऱ्यांना काय सांगू? नवरीकडच्या बोक्याला साफ होत नव्हतं, म्हणून उशीर झाला असं सांगू?"

धाकूने मान वर केली नाही. तो बोक्याच्या अंगावरून हात फिरवत राहिला. ते मामांनी पाहिलं. मग ते पुढचं बोलले, पण खाडीकडे तोंड करून बोलले.

चिमा मात्र सरळ होडीत चढली. तिच्या कडेवर मातीचं मडकं होतं. सांदेखारात गोडं पाणी नाही, म्हणून सोयऱ्यांनी उष्ट्या हळदीबरोबर नवरीच्या आंघोळीचं पाणीही पाठवलं होतं. मडकं रिकामं परत न्यायचं नाही, म्हणून थोडं पाणी त्यात ठेवलेलं. तिने ते आडव्या फळीवर ठेवलं. चढाउतरीत कुठेतरी धक्का लागून मडक्याला चीर गेली होती. पाणी झिरपलं, फळीच्या कडेला आलं आणि थेंब पडायला लागला. टप. टप.

मुकादमाचा फाटका कान हलला. मग डोळा उघडला. मग तो धाकूच्या मांडीवरून कसाबसा सरकला, थेंबाखाली तोंड नेलं आणि जीभ बाहेर काढली.

"अगं, मडकं गळतंय!" मामा ओरडले.

"गळू दे मामा. पितोय तो," चिमा म्हणाली.

वाटीतलं पाणी ज्याने उधळलं, तो थेंबाथेंबाने पाणी पीत राहिला. मडक्याचा तळ दिसायला लागला तरी पीत राहिला. चिमा फळीशेजारी खाली बसली. धाकट्या भावाचं पोट दुखलं की ती चोळून द्यायची, तसंच हलक्या हाताने बोक्याचं पोट गोल गोल चोळायला लागली. तिचे हात हळदीने माखलेले होते. सांदेखारातल्या मांजरांची पोटं तेव्हापासून पिवळी असतात, असं म्हणतात.

ओहोटीची वेळ झाली. शेजारच्या बंदरात होड्या चिखलात बसल्या. बाकी सगळ्या खाडीत खेकडे बाहेर आले. पण सांदेखारच्या धक्क्याचं पाणी बोटभरसुद्धा उतरलं नाही. ज्या पायरीवर होतं त्याच पायरीवर उभं राहिलं.

मुकादम उठला. होडीच्या काठावर चढला, तिथून धक्क्यावर, धक्क्यावरून वाळूत. वाजंत्रीवाल्याने आनंदाने सनई तोंडाला लावली तसा धाकू दातओठ खाऊन म्हणाला, "वाजवशील तर याद राख!"

त्याने सनई खाली घेतली. मुकादमाने एक जागा हुंगली. आवडली नाही. दुसरी उकरली, सोडली. तिसरीकडे चक्कर मारली.

"अरे बस की रे कुठेही!" पदूमामा कळवळून म्हणाले. "सगळी जमीन तुझीच आहे!"

मुकादम बसला. खाडी थांबली, वारा थांबला, मामांचा श्वास थांबला. आणि झालं.

त्याने ते सावकाश झाकलं. वाळू दोनदा नीट केली. मग होडीत येऊन आपल्या टोकावर बसला आणि उशीर आपल्यामुळे झाला नाही अशा नजरेने वऱ्हाडाकडे बघितलं. धाकूने तोंड धुवायच्या निमित्ताने खाडीचं पाणी डोळ्यांना लावलं आणि वल्ही हातात घेतली. पलीकडे शेवटचा माणूस उतरला आणि मग सगळं पाणी एकदम ओसरलं, कुणीतरी धरून ठेवलेला श्वास सोडावा तसं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. धाकूलाही तसंच वाटलं. पण ते पोट एकदा मोकळं झालं म्हणून कायमचं मोकळं झालं, असं नव्हतं. ते पुन्हा अडलं. मग धाकूला कळलं, की या दुखण्याला एक दिवसाचा उपाय नाही, रोजचा आहे, आणि रोज म्हणजे रोज.

त्याने सुकट बंद केली. जो कुणी होडीत चढेल त्याने सुकटीऐवजी ओंजळभर गोडं पाणी आणायचं, असं सांगितलं. लोक कुरकुरले, पण आणायला लागले. होडीच्या टोकावर त्याने एक चीर गेलेलं मडकं टांगलं. ताजी मासळी मिठाशिवाय उकडून, तिच्या पाण्यासकट तो मुकादमाला द्यायचा. त्यात बोटभर उकडलेला लाल भोपळा कुस्करायचा. मुकादम मासळी खायचा आणि भोपळा तेवढा वेगळा काढून धाकूच्या पायावर ठेवायचा. मग धाकूने भोपळा आणखी बारीक केला. मुकादमाने आणखी बारीक निवडला. वाळू ओली झाली की तो बसायचा नाही, म्हणून धाकू टोपलीत कोरडी वाळू बाळगायचा आणि ती रोज बदलायचा. बसून राहून बोक्याचं पोट जड होऊ नये म्हणून धाकू दोराचं टोक ओढत धक्क्यावर पळायचा. दहा पावलांत धाकूला धाप लागायची आणि मुकादम लांब बसून बघत राहायचा.

एका शिमग्याला कुणीतरी लाडाने त्याला सुका बोंबील चारला. पुन्हा तेच, पुन्हा पहिल्यापासून. "आता मी मरतो, तू जग," असं म्हणत धाकूने पुन्हा पोट चोळायला घेतलं.

मुकादम किती वर्षं जगला यावर गावात एकमत नाही. बोका इतकी वर्षं जगतच नाही, असं बाहेरचे म्हणतात. सांदेखारातले म्हणतात, धाकूने त्याला मरायला फुरसतच दिली नाही. शेवटी दोघं कधी गेले, आधी कोण गेलं, हेही कुणाला नक्की माहीत नाही. एका सकाळी लोक पाणी घेऊन आले तेव्हा होडी दोराला नीट बांधलेली होती आणि आत कुणी नव्हतं.

आता खाडीवर पूल आहे. गावात नळही आले. पुलाच्या तोंडाशी चीर गेलेलं एक मडकं टांगलेलं असतं आणि त्याखाली फळी. ते फुटलं की कुंभाराकडे जाऊन मुद्दाम गळकं मडकं मागावं लागतं आणि नवा कुंभार असला तर त्याला राग येतो. गावातली नवरी सासरी निघाली की गाडी तिथे थांबते. ती उतरते, मडक्यात पाणी घालते, आणि एखादं मांजर येऊन प्यायल्याशिवाय वऱ्हाडाने निघायचं नाही, अशी रीत आहे. मांजर कधी लगेच येतं. कधी समोरच्या कट्ट्यावर बसून अंग चाटत राहतं. मग ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, नवऱ्याकडचे घड्याळ दाखवतात, मामा लोक फेटे काढून हातात घेतात. त्या वेळी चिडायला मुभा आहे, नव्हे, चिडायचंच असतं. नुसतं निघायचं नसतं. जितकं जास्त चिडून थांबावं तितका संसार जास्त टिकतो, असं म्हणतात.