सालूबाईनं सुचवलेलं शुद्धीकरण

तान्हीचं लेकरू तापानं फणफणलं होतं आणि मांगवाड्यात पाण्याचा थेंब नव्हता. गावच्या विहिरीवर त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतणारं वरच्या जातीचं कुणी येईना, तेव्हा तिनं स्वतःच विहिरीत घागर सोडली. देशमुखांच्या गड्यानं ते पाहिलं.

संध्याकाळी चावडीवर पंच जमले. गोमूत्राची कळशी पुढ्यात ठेवून देशमुख गरजले, "हिला गावाबाहेर काढा! आणि मांगाचा हात जिथं जिथं लागलाय, ते सगळं आजच शुद्ध करा!"

तान्हीची सासू सालूबाई पुढं झाली. राग मस्तकात गेला होता, तरी आवाज तिनं अगदी गरीब ठेवला.

"समदं म्हंजे समदंच का, मालक?"

"सगळंच! काही सुटता कामा नये."

"मग ती कळशी आधी तुमच्याच डोईवर घाला. तुम्ही पायाळू येत होता, आईसाहेबांचा जीव घाबरा झालेला. ह्याच हातांनी तुम्हांला भाईर वढलं." तिनं पंचांवरून नजर फिरवली. "ह्यांच्याबी नाळा म्याच कापल्यात. येवढ्याशा कळशीत भागायचं न्हाई, मालक. गावातल्या समद्या गाई चावडीम्होरं हाका!"

एक पंच फसकन हसला. मग सगळी चावडीच हसायला लागली. देशमुख पागोटं सावरत उठले ते थेट घरी गेले, आणि गावाबाहेर काढायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हीनं भर सकाळी, सगळ्यांदेखत विहिरीत घागर सोडली.