पिवळोबाचं अर्धं घरटं

सुगरण पक्षी पुरं घरटं विणूनच मादीला बोलवायचे, त्या काळातली ही गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीवर पिवळोबा नावाचा तरुण सुगरण होता. शेवंती नावाच्या मादीनं त्याच्या घरट्यात अंडी घालावीत, एवढीच त्याची आस.

त्यानं जीव ओतून घरटं विणलं. शेवंती आली, आतबाहेर फिरली.

"देखणं आहे हो, पण तोंड वाऱ्याकडे केलंत. माझी अंडी विहिरीत जायची!" म्हणत ती उडाली.

हंगाम सरत चालला होता. पिवळोबानं पुन्हा पाती आणली. मात्र टोपीएवढंच विणून झालं आणि त्यानं शेवंतीला हाक मारली.

"अर्धं घर दाखवून सोयरीक जमवतोस? लाज कशी वाटत नाही?" शेजारी खिदळले.

"आत्ता लाजलो तर चार पाती उसवीन. मागाहून लाजलो तर अख्खं घर!"

शेवंती बसली, झुलली. "जरा उगवतीकडे वळवा."

त्यानं लगेच वळवलं. मग ती हललीच नाही. "विणा आता. मी इथूनच सांगते."

पुढच्या हंगामात बाभळीवर जिकडेतिकडे अर्धी घरटी लोंबत होती, आणि सगळ्यांत मोठ्यानं हाका मारत होते ते खिदळणारे शेजारी.