न कलंडणारी वाटी

डोंगराच्या कुशीत, भोपळ्याच्या वेलाने झाकलेल्या एका झोपडीत मैना आईबरोबर राहायची. घरात सुपभर तांदूळ आणि एकच गोधडी. काल मैनाला भाऊ झाला होता, कण्हेरीच्या कळीसारखा गुलाबी, इवलासा. पण तो सकाळपासून भुकेने रडत होता, आणि आता त्याचा आवाजही बारीक झाला होता.

शेजारच्या सगुणाकाकूंनी आईचं पहिलं पिवळं दूध वाटीत पिळून घेतलं. "हा चीक. बाळाला बाधतो. तीन दिवस टाकायचा, तोवर मधाचं बोट. जा मैने, वेलाच्या बुडाशी ओतून ये."

मैनाने वाटी ओतली. सोनेरी थेंब मातीत पडले मात्र, सोनपिवळ्या फुलातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. पंखांवर दवाचे मोती होते, पण कपाळावर आठी होती.

"एका बाळाचं जेवण माझ्या पायांवर कुणी ओतलं?"

"काकूंनी सांगितलं म्हणून मी," मैना पुटपुटली. "भाऊ उपाशी आहे."

परीची आठी विरली. "एक इच्छा माग. पण स्वतःसाठी नाही, आणि जे घरात आहे तेही नाही."

"माझ्या भावाला दूध हवंय."

परीच्या हातातली जादूची चांदणकाडी लुकलुकून विझली. "ते घरातच आहे, सोनुले."

मैनाने रिकाम्या वाटीकडे पाहिलं. तिचे कान तापले. "मग फेकायला का लावतात?"

"मला फुलांतलं कळतं, बाळांतलं नाही. जी शिकलीय तिला विचार."

मैना ओढा ओलांडून धावली आणि पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन आली.

"मध बंद," नर्सबाई म्हणाल्या. "बाळाला आत्ता पाजा. हा चीकच त्याला आजारांपासून जपतो."

"आमच्यात असंच चालत आलंय," काकू फणकारल्या.

कधी मान वर न करणारी मैना म्हणाली, "काकू, गाईच्या चिकाचा खरवस तुम्ही दोन-दोन वाट्या खाता. वासराचा चीक गोड, आणि माझ्या भावाचा तेवढा वाईट?"

आईने बाळाला पदराखाली घेतलं. बाळ चुटुचुटु पिऊ लागलं.

महिन्याभरात आईला इतकं दूध आलं की बाळ पिऊनही उरे. शहरात एक दूधपेढी होती. आजारी आयांच्या अशक्त बाळांना तिथे दुसऱ्या आयांचं दूध नीट तपासून देत. नर्सबाईंनी आईची तपासणी करवली, आणि आईच्या दुधाच्या बाटल्या बर्फाच्या पेटीतून तिकडे निघाल्या.

मैना वेलाकडे गेली. "परीताई, माझी इच्छा शिल्लक आहे. कुठल्याच मुलीला ती वाटी मातीत ओतावी लागू नये."

"हे मात्र अजून कुणाच्याच घरात नाही," परी हसली. तिने चांदणकाडी फिरवली. वेलाचं फूल न् फूल पणतीसारखं उजळलं, आणि त्या सोनेरी उजेडात परी विरघळून गेली.

पुढे सगुणाकाकूंना नात झाली. जुन्या सवयीने काकू चिकाची वाटी घेऊन वेलाशी आल्या. वाटी तिरकी केली, उलटी केली, झटकली. थेंब खाली पडेना.

"काकू," भावाला खेळवणारी मैना हळूच म्हणाली, "ती घरात न्या."

काकू घराकडे वळल्या. नातीच्या ओठांशी त्यांनी चमचा धरला, वाटी जराशी कलती केली, आणि सोनेरी थेंब अलगद चमच्यात उतरला.