मालकांचा मासा कशावर पोसला?

गावात मालगुजार अमृतरावांपेक्षा मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या भागरताबाईचं कौतुक जास्त व्हायचं, आणि तेच मालकांना डाचायचं. नाहीसा होत चाललेला दाडक नावाचा गावठी मासा तिने लेकरासारखा जपून गावतलावात पुन्हा वाढवला होता. मालकांना जेवण गोड लागेना. त्यांनी परमुलखातले दांडगे मासे आणून गुपचूप त्याच तलावात सोडले.

जत्रेत ज्याचा मासा सर्वांत भारी, त्याला फेटा मिळे आणि मासा तिथेच गावजेवणासाठी कापत. यंदा मालकांच्या माशाने तराजू पार खाली बसवला.

"बघ भागरते! तू दाडकांना कोंडा भरवत बसतेस. मी याला वर्षभर दाणासुद्धा टाकला नाही!"

"मग हा पोसला कशावर, मालक? आधी कापू, फेटा मागून बांधा."

पोट फाडलं, तर आतून ओंजळभर दाडकांची पिल्लं निघाली.

"मासा तुमचा, मालक," भागरताबाई म्हणाली, "पण त्याच्या अंगावरचं वजन माझ्या दाडकांचं आहे."

पंचांनी फेटा तिच्या पदरात घातला आणि उरलेले परके मासे जाळ्याने काढायला लावले. मालक कापलेल्या माशाकडे टक लावून बसले. आता त्यांना त्याचाच हेवा वाटत होता. मेला, पण वर्षभर भागरताबाईचे दाडक खाऊन मेला!