वाळलेली कणीक

"पखवाज परत घ्याल ना, बुवा?"

नरहरीबुवा मठाच्या ओसरीवर दुपारच्या जेवणाची कणीक मळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"का?"

"मला आता जमायचं नाही," हेरंब म्हणाला.

हेरंब हा बुवांचा सगळ्यात तयारीचा शिष्य. हा माझ्याही पुढे जाणार, असं बुवांनीच एकदा भर सभेत सांगितलं होतं. गावाने तर त्याच्या सत्काराच्या फेट्याचं मापही मनातल्या मनात घेऊन ठेवलं होतं. मग चैत्रातल्या उत्सवात साथ करताना त्याची सम चुकली. एवढंच झालं. पण तेव्हापासून त्याने पखवाजाला हात लावला नव्हता. दिवसदिवस अंथरुणात पडून राहायचा. ताट समोर आलं तर जेवायचा.

"मन लागलं की वाजवीन, म्हणत होतो. ते लागतच नाही... आता कशातच लागत नाही."

बुवांनी हात पुसले आणि त्याने समोर आणून ठेवलेल्या पखवाजाची गवसणी काढली.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. त्याशिवाय त्याला घुमारा येत नाही. वाजवून झालं की ती काढून टाकायची, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं.

हेरंबाच्या पखवाजावर कणीक तशीच होती. वाळून तडकलेली, कडेने मुंग्यांनी कोरलेली.

"ही कधीची?"



"उत्सवातली. गवसणी चढवली आणि तसाच उठून गेलो."

सम चुकल्याची वाटली नव्हती एवढी लाज त्याला आता वाटली.

"परत द्यायचाय तर साफ करून दे."

बुवांनी ओलं फडकं पुढे केलं. हेरंब मांडी घालून बसला. कणीक भिजवायची, नखाने हलकेच सोडवायची. जोर केला तर चामडं फाटणार. ऊन ओसरीची पायरी उतरून अंगणात गेलं. मधेच कधीतरी तो ओठातल्या ओठात बोल म्हणायला लागला. त्याच्या ते लक्षात आलं नाही. बुवांच्या आलं.

चामडं मोकळं झालं. बुवांनी परातीतला छोटा गोळा तोडून त्याच्या हातावर ठेवला.

"मी तर परत द्यायला..."

"लाव."

त्याने कणीक लावली. थाप मारली. आवाज बसका आला.

"बघा. गेलं सगळं."

"कणीक जास्त झालीय."

त्याने थोडी काढली. पुन्हा थाप. अजून थोडी काढली. पुढच्या थापेला ओसरी घुमली.

हेरंबाचा हात तिथेच राहिला. डोळे भरून आले.

"बुवा... मी खरंच तुमच्या पुढे जाईन?"

"माहीत नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. तेही खरवडून टाक."

 हेरंबाला एकदम हलकं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

"मग आता मी करू काय?"

बुवा उरलेल्या कणकेच्या पोळ्या लाटायला लागले होते.

"संध्याकाळी ती कणीक काढून टाक. उद्याची मळायला तूच ये."