नावाड्याचे नाव

अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या गावात थॅडियस प्रेंटिस नावाचा एक म्हातारा राहत असे. एकेकाळी तो त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता.

तो राष्ट्राध्यक्ष असताना गावाला मोठा पूर आला. पाहणीला आलेला प्रेंटिस स्वतःच पाण्यात अडकला. एझ्रा नावाच्या नावाड्याने त्याला होडीत घेतले आणि काठावर आणून सोडले. मग तो इतरांना आणायला गेला. दिवसभर त्याच्या खेपा चालू होत्या. शेवटच्या खेपेला होडी उलटली. एझ्रा परत आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एका चित्रकाराने कल्पनेने काढलेले चित्र छापून आले. राष्ट्राध्यक्ष स्वतः होडी वल्हवून लोकांना वाचवत आहे! निवडणूक तोंडावर होती. प्रेंटिसने चित्र पाहिले आणि तो गप्प बसला. खोटे तो बोलला नाही. पण खरेही बोलला नाही.

वर्षे लोटली. एझ्राने वाचवलेले लोक गाव सोडून गेले किंवा वारले; बाकीच्यांना छापलेलेच खरे वाटत राहिले. सरकारने घाटावर प्रेंटिसचे राष्ट्रीय स्मारक उभारले. हातात वल्हे घेतलेला उंच पुतळा. अनावरणाला सारे गाव लोटले. बँड वाजला, पडदा सरकला, टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेंटिसने हात उंचावून टाळ्या स्वीकारल्या.

गर्दी पांगली तरी एक म्हातारी पुतळ्यासमोर उभी होती. प्रेंटिस हसत तिच्याजवळ गेला.

"बाई, पुराच्या वेळी तुम्ही गावातच होतात का?"

"होते. मी हॅना. एझ्राची बायको."

प्रेंटिसचे हसू मावळले. "इतकी वर्षं तुम्ही कुणाला काहीच सांगितलं नाहीत?"

"नावाड्याच्या विधवेचं कोण ऐकणार?" म्हातारी म्हणाली. "माझा नवरा नदीनं नेला, साहेब. त्याचं नाव तुम्ही नेलंत."

एवढे बोलून ती निघून गेली. घरी जाताना लोक टोप्या काढून प्रेंटिसला अभिवादन करत होते. त्याला मान वर करवेना.

रविवारी चर्चमध्ये गाव जमले असताना तो उभा राहिला. त्याने सगळे सांगितले, निवडणुकीचा मोहसुद्धा. कोणीही टाळी वाजवली नाही. काही जण उठून बाहेर गेले. प्रेंटिस खाली बसला, तेव्हा त्याच्या बाकावर दुसरे कोणी उरले नव्हते.

त्याच्याच आग्रहावरून पुतळा उतरवला गेला. त्या जागी एझ्राचा पुतळा बसवायचे ठरले. पण एझ्राचे एकही चित्र नव्हते. त्याला ओळखणारी माणसेही एकेक करून गेली होती. शिल्पकार हॅनाकडे आला. प्रेंटिसही सोबत होता.

"आजी, त्यांचा चेहरा कसा होता?"

हॅना डोळे मिटून बराच वेळ आठवत राहिली.

"आता नीट आठवत नाही रे," ती म्हणाली आणि रडू लागली.

प्रेंटिसने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. घाटावरच्या चौथऱ्यावर शेवटी एझ्राचे फक्त नाव कोरले गेले.

तात्पर्य: गप्प राहून दुसऱ्याचे श्रेय घेणे हीसुद्धा चोरीच, आणि ते परत करायला उशीर केला, तर पश्चात्ताप होऊनही सगळे परत करता येत नाही.