डॉक्टरची नाडी बघणारं गाव

सावरमाळच्या दवाखान्यासमोर करंजाखाली एक सपाट दगड आहे. हात लावून बघा, पौषातल्या सकाळीही कोमट लागेल. उन्हानं तापतो म्हणाल, तर तिथं दिवसभर गच्च सावली. नवा डॉक्टर आला की आधी त्याला या दगडावर बसवतात आणि गावातली सगळ्यांत म्हातारी बाई त्याची नाडी बघते. मगच दवाखान्याचं कुलूप निघतं. पाहुणे हसतात. हसा खुशाल, पण पुरतं ऐकून घ्या.

फार मागं, घाटाला गाडीरस्ता नव्हता तेव्हा, गावाला पहिला डॉक्टर मिळाला, मोरेश्वर टिपणीस. पोरगेलासा, काटकुळा, घोड्यावर बसायला भिणारा. रोग्याला तो याच दगडावर बसवायचा. गावानं त्याला असं डोक्यावर घेतलं की विचारू नका. एक येडेपणा मात्र झाला. डॉक्टर सगळी औषधं आधीच पिऊन बसलेला असतो, त्याला आजार शिवत नाही, अशी लोकांची ठाम समजूत. त्यामुळं तीन वर्षांत कुणी त्याला 'बरा आहेस का' म्हणून विचारलं नाही.

त्याच्याशी वाकडं होतं ते एकट्या येसूआजीचं. ती गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि आता बाया या कालच्या पोराकडं जायला लागल्या. ती दवाखान्याच्या वाटेनं पाणीसुद्धा आणत नसे. पण त्या भादव्यात हिवतापाची साथ आली आणि त्यातच तिच्या सुनेचे, रखमाचे, दिवस भरत आले. मूल आडवं होतं. आधीची दोन अशीच गेली होती. येसूआजीला स्वतःच्या हातांचा भरवसा वाटेना. शेवटी नाक मुठीत धरून ती रांगेत उभी राहिली.

दुपार कलली तेव्हा तिची पाळी आली. डॉक्टरनं सवयीनं तिचंच मनगट धरलं आणि आजी दचकली. त्याची बोटं तव्यासारखी तापली होती. सकाळपासून पन्नास-साठ जणांच्या मनगटाला ती बोटं लागली होती, पण जो तो आपल्याच दुखण्यात.

"आरं, तूच तापानं फणफणलायस की," आजी म्हणाली. "ऊठ, माझ्या जागी बस."

"अजून बरीच माणसं आहेत, आजी."

"थांबतील ती. कवा जेवलास?"

डॉक्टरला आठवेना. तिथंच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सांगतात.

आजीनं त्याला दगडावर आडवं केलं, त्याच्याच पेटीतलं हिवतापावरचं कोयनेल त्याला पाजलं आणि रांगेकडं वळून म्हणाली, "ह्यो उठंस्तवर मी हितनं हालायची न्हाय. घरात सून अडली तरी न्हाय."

तेव्हा कुठं गाव भानावर आलं. कुणी पेज आणली, कुणी घोंगडी, कुणी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. घरी बाया पाळीपाळीनं रखमाजवळ बसल्या. तीन दिवस आजीचा जीव घराकडं लागलेला, पण बाई जागची हलली नाही. डॉक्टरचा ताप म्हणे दगडानं ओढून घेतला. चौथ्या दिवशी सकाळी रखमाला कळा सुरू झाल्याचा सांगावा आला, तसा डॉक्टर उठला आणि आजीच्या खांद्याचा आधार घेत तिच्या घरी गेला. वरून हात फिरवून मूल सरळ कसं करायचं ते आजीला ठाऊक, बाकीचं त्याला. दोघांनी मिळून रखमाला सोडवलं. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. आजी पोटभर रडली. डॉक्टर पुढं तीस वर्षं इथंच राहिला.

त्या मुलीनं म्हातारपणी चार डॉक्टरांच्या नाड्या बघितल्या. आता गावात सगळ्यांत म्हातारी तिची लेक ठकूआजी, तो मान तिचा. गेल्या साली एसटीनं एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. "मी ठीक आहे," म्हणाल्या. ठकूआजीनं मनगट सोडलं नाही. "खरं सांग, बाय." तेव्हा पोरीनं सकाळपासून पोटात काही नाही, इथं निभेल का याची धास्ती वाटते, असं सांगून टाकलं. आधी पिठलं-भाकरी आली, कुलूप मागाहून निघालं. बाई आता गावात रुळल्या आहेत.

आजही सावरमाळचा रोगी दगडावर बसला की लगेच आपलं दुखणं सांगत नाही. आधी विचारतो, "डॉक्टर, तुम्ही जेवलात का?"